न हललेला फोटो

'हलू नका' या दोन शब्दांवर माझं पोट चालतं. माझा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक स्टूल, मागे एक निळा आणि एक पांढरा पडदा, आणि दाराजवळ केस विंचरायला आरसा. पासपोर्ट, नोकरीचे अर्ज, शाळेची ओळखपत्रं. लोक येतात, स्टुलावर बसतात, मी म्हणतो, हनुवटी थोडी खाली, कान दिसू द्या, हसू नका, हलू नका. दिवसातून तीस-चाळीस वेळा. फोटो हातात पडला की प्रत्येकजण म्हणतो, मी असा दिसतो? हो बाबा, असाच दिसतोस. तोंडावर म्हणत नाही, पण मनात म्हणतोच. माझ्या स्वभावाला औषध नाही, असं माझी बहीण म्हणते.

अशा माणसाने रविवारी तरी कॅमेऱ्याला हात लावू नये. पण आम्ही तीन मित्र अकरा वर्षं दर रविवारी पहाटे समुद्राचे फोटो काढायला जात होतो. शिंपी, दातांचा डॉक्टर आणि मी. तिघंही एका वर्गातले. शिंप्याने माझं नाव 'फ्लॅश' ठेवलं होतं; धंद्यावरून नव्हे, माझं डोकं पटकन भडकतं म्हणून. हे समुद्राचं वेडही त्याचंच. त्याने जुना कॅमेरा घेतला, आमच्या दोघांच्या मागे लागून आम्हाला उठवलं, आणि तिघांसाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. माझ्या पिशवीला सात खिसे आहेत आणि प्रत्येकाला दुहेरी शिलाई. अकरा वर्षांत एक टाका सुटलेला नाही.

आमची जागा ठरलेली होती. शहराबाहेर एक जुना लाकडी धक्का आहे. तिथे बोटी लागणं कधीच बंद झालं. आता खांब आहेत, त्यांवर फळ्या आहेत, आणि खाली खडक. उजाडायच्या आधी तिथे पोचायचं, भिंगापुढे काळी काच लावायची आणि शटर चार-चार मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात कितीतरी लाटा येतात आणि जातात, आणि फोटोत त्यांतली एकही उरत नाही. समुद्र इस्त्री केल्यासारखा दिसतो, असं शिंपी म्हणायचा. खांब, खडक, जे हलत नाही तेवढंच राहतं.

घोडं पेंड खायचं ते फळ्यांपाशी. एकाने पाऊल टाकलं की सगळा धक्का थरथरायचा. खांबाची कड पुसट व्हायची, कधी एकाच्या दोन दिसायच्या, आणि चार मिनिटं पाण्यात जायची. गिऱ्हाइकाच्या कोटाची शिवण सुतभर सरकली तरी उसवून पुन्हा घालणारा माणूस तो; त्याला हे सहन होईना. मग त्याने नियम केला. शटर उघडताना 'उघडलं' म्हणायचं. 'मिटलं' ऐकू येईपर्यंत कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही. जो चुकेल त्याने महिनाभर बाकीच्यांना चहा पाजायचा. हा नियम त्याने घरीही लावला होता. खिडकीतून फोटो काढताना तो 'उघडलं' म्हणाला की मी दूध उतू जाताना नुसती बघत उभी राहते, असं वहिनी सांगायच्या. सांगताना हसायच्या.

नियम मोडण्यात माझा पहिला नंबर. चार महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी शिंप्याचं शटर उघडं असताना मला भूक लागली आणि मी चार पावलं चालत बिस्किटांचा पुडा आणायला गेलो. वर 'पुडा कुठे ठेवलास रे' असं विचारलंही. त्याने 'मिटलं' म्हटलं. फोटो पाहिला, काच पुसली, सगळं आवरलं. परतताना गाडीत म्हणाला, "थांब तू फ्लॅश. तुझी चार मिनिटं चालू असताना मी अशी हाक मारतो बघ की वर्षभर चहा पाजशील."

"तू कानाशी तोफ उडव," मी म्हणालो. "मी हललो तर नाव बदलीन."

डॉक्टर म्हणाला, "लहान मुलं बरी तुमच्यापेक्षा."

पुढचा रविवार ढगाळ होता. असा दिवस आम्हाला आवडायचा, कारण उजेड हळू वाढतो. डॉक्टर धक्क्याच्या टोकाला गेला, मी मध्ये उभा राहिलो. शिंप्याला खालून, पाण्याच्या जवळून फोटो हवा होता, म्हणून तो लोखंडी शिडीने खडकांवर उतरला. भरती सुरू झाली होती. त्याने एका खांबावर वीत लावून पाहिली आणि वर बघून म्हणाला, "अजून पाऊण तास आहे." मापात तो कधी चुकत नसे. टोकाकडून डॉक्टरचं 'उघडलं' ऐकू आलं. मीही 'उघडलं' म्हणालो आणि घड्याळ बघू लागलो.

एक मिनिट झालं असेल, नसेल. खालून हाक आली.

"फ्लॅश."

एकदाच. फार मोठ्याने नाही. आणि मला हसू आलं. खरं सांगतो, मी हसलो. म्हटलं, आला लेकाचा सूड उगवायला. मग खडकावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, धातूचा. मी पाय रोवून उभा राहिलो. मनात म्हटलं, ओरड, अजून ओरड, बघतो किती ओरडतोस. तो पुन्हा ओरडला नाही. मी घड्याळाचा काटा बघत राहिलो, आणि चार मिनिटं पूर्ण झाल्यावर जोरात 'मिटलं' म्हणून कठड्यावरून खाली वाकलो. जिभेवर टोमणा तयार होता. खाली खडक होते आणि पाणी होतं. माणूस नव्हता.

तो पलीकडच्या खांबांमध्ये सापडला, अर्ध्या तासाने. कॅमेरा सापडलाच नाही.

त्यानंतर जो भेटला तो म्हणाला, क्षणात झालं असणार. पोलीस म्हणाले, पाय घसरला असेल, लाट आली असेल, कळलंही नसेल त्याला. मीही तेच म्हणू लागलो. दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असताना डॉक्टरने मला विचारलं होतं, "तू काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हणालो. "लाटांचा आवाज होता."

"मीपण नाही," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

त्या सकाळी तो माझ्यापासून तीस पावलांवर होता. त्याला ऐकू गेलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. त्यानेही मला पुन्हा विचारलं नाही. रविवार बंद झाले. एकमेकांना फोन करणं बंद झालं.

त्या चार मिनिटांचा फोटो मी दोन आठवड्यांनी पाहिला. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. करडं आकाश, खाली तसंच करडं पाणी, मध्ये खांबांची रांग, आणि प्रत्येक खांबाची कड धारदार. मी खुर्चीत बसून रडलो आणि रडता रडता त्यातला काळा रंग थोडा गडद केला. माणूस किती नालायक असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

मागच्या महिन्यात वहिनी स्टुडिओत आल्या. शिंप्याची बायको, त्याच्याबरोबर पंधरा वर्षं काज-बटणं केलेली. दुकान आता त्यांच्या नावावर व्हायचं होतं, त्यासाठी फोटो हवा होता. त्या स्टुलावर बसल्या. केस कानामागे घेतले. हनुवटी खाली, म्हणालो. पुढचे दोन शब्द मला बोलता येईनात. त्या न सांगताच स्थिर बसल्या.

पाकीट घेऊन निघताना दारात थांबून म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशीचा तुमचा एक फोटो मला द्या. मोठा करून. ह्यांचा कॅमेरा गेला. त्या सकाळचं माझ्याकडे काहीच नाही."

"देतो की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चोराच्या मनात चांदणं. त्यांना काही कळलंय का, ह्या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलो. दाढ खरंच दुखत होती. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा घेतला, तोंडात कापूस कोंबला. अशा वेळी एकालाच बोलता येतं, आणि तो एक मी नव्हतो, ही सोय आम्हा दोघांनाही बरी वाटली असावी. मी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्यावर लिहून आणलं होतं : 'वहिनी त्या दिवशीचा फोटो मागतायत.'

त्याने कागद वाचला. बराच वेळ एक आरसा नुसताच पुसत राहिला.

"दुसऱ्या दिवशीचा दे," तो म्हणाला. "समुद्र तो समुद्र. ढगाळ बघून दे एखादा." मग मशीन सुरू करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी माझा पुसून टाकला. त्याच दिवशी. एकदम छान आला होता."

त्याने दाढ भरली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन मी दोन फोटो मोठे करून छापले. एक त्या दिवशीचा, एक दोन वर्षांपूर्वीचा, तसाच ढगाळ. दोन्ही गुंडाळून ठेवले. कुठला न्यायचा, हे मी प्रामाणिकपणे ठरवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशीचा फोटो चांगला होता आणि तीन महिन्यांत तो एकाही माणसाने पाहिला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी तोच उचलला.

दुपारी तीनच्या सुमारास दुकानात गेलो. खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी जिना. वहिनी मशीनवर होत्या. त्यांच्या मागे खुंटीला एक कोट होता, बाह्या न जोडलेला, अंगभर शिंप्याच्या खडूच्या खुणा. गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलं, असं वहिनी म्हणाल्या. "बाह्या लावायच्या तर खुणा झटकाव्या लागतात. माझा हातच होत नाही." वरून मुलीने हाक मारली, "आई, कंगवा कुठंय?" वहिनींनी मान वर न करता सांगितलं, खिडकीत. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला घरातली कुठलीही वस्तू आईला हाक मारल्याशिवाय सापडत नाही. पूर्वी शिंपी म्हणायचा, हिचं लग्न झालं की जावई मला फोन करून विचारेल, मीठ कुठे ठेवलंय.

मी फोटो कापायच्या टेबलावर पसरला. चारही कोपऱ्यांवर वहिनींनी जवळ होतं ते ठेवलं : कात्री, खडूची डबी, दोन रिळं. चष्मा लावला. आधी आकाश पाहिलं, मग पाणी. मग वाकून एका खांबाच्या कडेवरून नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत, शिवण तपासतात तसं.

"किती साफ आलाय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. माझ्या आवाजात अभिमान होता. तो मला अजून ऐकू येतो.

"ह्यांचे असे यायचे नाहीत. ह्यांच्या खांबांना नेहमी दोन दोन कडा. तुम्ही बिस्किटं आणायला गेलात ना, तो फोटो मला दाखवला होता. तीन दिवस तेच बोलत होते." त्यांनी दुसऱ्या खांबावर नख ठेवलं. "किती मिनिटांचा आहे हा?"

"चार."

"आणि हे खाली होते तेव्हाचाच?"

"हो."

"म्हणजे चार मिनिटं त्या फळ्यांवर कोणी पाऊल टाकलं नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगळे म्हणतात, क्षणात झालं. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, कळतं मला. पण त्यांचे तळहात सोललेले होते, भाऊजी. दोन्ही. खांबावर शिंपले असतात ना, धारदार, त्यांनी सोलतात तसे. धरून होते ते कशालातरी. किती वेळ, एवढंच मला कळत नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "हाक मारली त्यांनी?"

लाटांचा आवाज होता, हे वाक्य तीन महिने वापरून माझ्या तोंडात चांगलं बसलं होतं. तेच बोलायला मी तोंड उघडलं.

"मारली," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"फ्लॅश. एकदाच."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं मस्करी करतोय. मला हलवायला बघतोय. त्याच्या आधीच्या रविवारी आमचं तसं बोलणं झालं होतं." एवढ्यावर थांबता आलं असतं. "मी हसलो, वहिनी."

त्या रडल्या नाहीत. ओरडल्या असत्या, हाताला येईल ते फेकून मारलं असतं, तर मी निमूट उभा राहिलो असतो. मला तेच हवं होतं. त्यांनी मशीनवरचं कापड काढून घडी करून बाजूला ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"कापडाचं माप मला कळतं," त्या म्हणाल्या. "चार मिनिटं म्हणजे किती, ते नाही कळत. बसा इथे."

मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलो. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत त्या थांबल्या.

"उघडलं," त्या म्हणाल्या.

दुकानात फक्त घड्याळाची टिकटिक होती. रस्त्यावरून एक सायकल गेली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, माझ्याकडे फोटोला बसलेली माणसं बसतात तसा. वहिनी काट्याकडे बघत होत्या. वीस सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ असतो. चाळीस सेकंदांत माणूस धक्क्यावरून शिडीपर्यंत जाऊन परत येऊ शकतो. मी मनात पावलं मोजली, अकरा होतात. मिनिट पुरं झालं. साधारण इथेच त्याने हाक मारली होती. इथून पुढची तीन मिनिटं तो खांबाला धरून होता, आणि मी वर उभा होतो. तेव्हा ती केवढीशी वाटली होती मला.

"आई!" वरून मुलीने हाक मारली.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो. बाकावरून केव्हा उठलो, ते कळलंच नाही. माझा हात कठड्यावर होता आणि बाक मागे सरकून भिंतीला लागलं होतं.

"माझी निळी वही कुठंय?" मुलगी वरून म्हणाली.

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. नजर घड्याळावरच होती.

"एक मिनिट आणि दहा सेकंद," त्या म्हणाल्या. "उठता येतं तुम्हाला, भाऊजी."

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. वरून कप्पा उघडल्याचा आवाज आला, मग मुलगी म्हणाली, सापडली गं, राहू दे. चार मिनिटं झाली. पाचही झाली. त्या 'मिटलं' म्हणतील म्हणून मी थांबलो होतो. त्या म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी खुंटीवरचा कोट काढून मांडीवर घेतला, आणि मी दार ओढून बाहेर पडलो.